छतावरचे ऊन, बिलातली बचत
पर्यावरणपूरक घरासाठी पैसे कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने घालावेत

या धड्यात आपण काय शिकणार आहोत?
• विजेचे बिल वाचून आपला खरा दर कसा काढावा
• कमी पैशात होणारे बदल आधी का करावेत
• छतावर सौरवीज बसवताना किती किलोवॅट घ्यावे
• पैसे ठेवीतून द्यावेत की कर्जातून
• अनुदान अडकू नये आणि फसवणूक होऊ नये म्हणून काय तपासावे

"पर्यावरणपूरक घर" म्हटले की ते श्रीमंतांचे काम, असे अनेक खातेदारांना वाटते. मोठ्या काचा, महागडी यंत्रे, परदेशी रंग. प्रत्यक्षात आपल्या आजी-आजोबांचे कवेलूचे घर, जाड मातीच्या भिंती, पुढचा ओसरा आणि पश्चिमेचा कडुनिंब हे सगळे पर्यावरणपूरकच होते. ते उन्हाळ्यात वीज न जाळता थंड राहायचे. आता पद्मनाभपुरसारख्या वसाहतींत सिमेंटचे सपाट छत आले आहे. मे महिन्यात ते दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडते. मग कूलर आला, एसी आला आणि बिल वाढले.

म्हणून या विषयाकडे आपण बचतीच्या नजरेने पाहू. जी वीज वापरलीच नाही तिचे पैसे वाचतात आणि कोळसाही वाचतो. कोरब्याच्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून आपल्या राज्याला मोठ्या प्रमाणात वीज मिळते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला 50 युनिटे वाचवणारे घर वर्षाला सुमारे 420 किलोचा भार कमी करते. हे काम पासबुकाला धक्का न लावता कसे करता येईल, ते आता क्रमाने पाहू.

1. आधी बिल वाचा

कोणताही खर्च करण्यापूर्वी मागच्या 12 महिन्यांची बिले एकत्र काढा. एकाच महिन्याचे बिल पुरत नाही. मे महिन्याचे बिल पाहून निर्णय घेतला तर गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेतली जाईल, आणि डिसेंबरचे पाहून घेतला तर लहान.

एका कागदावर तीन आकडे लिहा:
(क) वर्षभरात वापरलेली एकूण युनिटे
(ख) वर्षभरात भरलेली एकूण रक्कम
(ग) त्यातला स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम

(ख) मधून (ग) वजा करा आणि उत्तराला (क) ने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर. एक युनिट वाचले तर तुमच्या खिशात एवढेच पैसे राहतात. स्थिर आकार कशानेही वाचत नाही, म्हणून तो बाजूला काढला.

छत्तीसगडमध्ये इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. 2019 मध्ये राज्यात अर्ध्या बिलाची योजना सुरू झाली आणि तिची मर्यादा 400 युनिटे होती. 2025 मध्ये ही मर्यादा खूप खाली आणली गेली. त्यामुळे जुन्या बिलातला दर आणि आजचा दर यांत फरक असू शकतो. हिशोब नेहमी ताज्या बिलाच्या दराने करा. पुढच्या उदाहरणांत सोयीसाठी दर 5 रुपये धरला आहे. तुमचा दर वेगळा असेल तर 5 च्या जागी तो आकडा घाला.

2. लहान बदल आधी: पंख्याचे उदाहरण

जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा त्याच हवेसाठी 30 वॅटच्या आसपास घेतो. फरक 45 वॅट. आपल्याकडे पंखा वर्षातले 9 महिने, दिवसाला 15 तास तरी फिरतो.

45 वॅट × 15 तास = दिवसाला 675 वॅट-तास
महिन्याला सुमारे 20 युनिटे
9 महिन्यांत सुमारे 180 युनिटे
5 रुपये दराने वर्षाला बचत: 900 रुपये

नवा पंखा 3,000 रुपयांना मिळाला असे धरू. तीन वर्षे आणि चार महिन्यांत पैसे वसूल होतात.

आता बँकेच्या भाषेत तुलना करू. तेच 3,000 रुपये 7 टक्क्यांनी 10 वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले तर साधारण 5,900 रुपये होतील. पंखा घेतला तर मुद्दल पंख्यात जाते आणि ते परत येत नाही, हे खरे. पण दरवर्षी वाचणारे 900 रुपये वर्षअखेरीस त्याच दराने ठेवत गेलात, तर 10 वर्षांनी हातात सुमारे 12,400 रुपये असतील. पंखा 10 वर्षे टिकला तर ठेवीच्या दुपटीहून जास्त.

यात एक अट आहे. वाचलेले 900 रुपये खरोखर बाजूला टाकले पाहिजेत. बिल कमी आले आणि ते पैसे दुसरीकडे खर्च झाले, तर पर्यावरणाचा फायदा होईल, पण पासबुकात काही दिसणार नाही. सोपा उपाय म्हणजे 100 रुपयांची आवर्ती ठेव. नवा पंखा बसवला त्याच महिन्यात ती सुरू करा.

पंखा घेताना त्यावरचे तारांकित लेबल पाहा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना हे लेबल सक्तीचे आहे. चालू असलेले सगळे पंखे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा बदलून पैसे वसूल व्हायला फार वर्षे लागतील.

हाच नियम दिव्यांना लावा. 60 वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी 9 वॅटचा एलईडी पुरतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे हे दिवे घरोघर पोचले. तरी न्हाणीघर, जिना आणि मागचा व्हरांडा इथे जुने दिवे राहून गेलेले असतात. एकदा घरभर फिरून पाहा.

एसी असेल तर तापमान 24 अंशांवर ठेवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मे अखेरपर्यंत कूलर चांगले काम करतो आणि एसीच्या मानाने खूप कमी वीज घेतो. फक्त कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. खोली बंद करून कूलर लावला तर दमट हवा तिथेच फिरत राहते.

3. छत थंड करा: सर्वांत स्वस्त काम

उन्हाळ्यापूर्वी छत स्वच्छ करून, भेगा बुजवून त्यावर चुन्याचे दोन-तीन हात मारले तर खालची खोली साधारण 2 ते 5 अंशांनी थंड राहते. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, एवढेच त्यामागचे तत्त्व. अहमदाबादने 2017 पासून वस्त्यांमधल्या छतांवर हा प्रयोग केला आणि तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले.

चुना स्वस्त आहे, पण पावसाने धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. तयार परावर्तक रंग महाग असतो, पण काही वर्षे टिकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी चुनाच निवडावा. एका उन्हाळ्याचा खर्च आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा फायदा. सौर पॅनेल बसवायचे असतील तर त्यांची जागा आधी ठरवा. पॅनेलखालचे छत सावलीत राहते, त्यामुळे चुना उरलेल्या भागालाच लागतो.

4. छतावरची सौरवीज: जास्त घेणे म्हणजे जास्त फायदा नव्हे

प्रधानमंत्री सूर्य घर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. 1 कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेत केंद्र सरकारचे अनुदान असे आहे:

1 किलोवॅट: 30,000 रुपये
2 किलोवॅट: 60,000 रुपये
3 किलोवॅट आणि त्याहून जास्त: 78,000 रुपये

छत्तीसगड सरकारने 2025 मध्ये यात स्वतःची भर घातली. 1 किलोवॅटला 15,000 आणि 2 किंवा 3 किलोवॅटला 30,000 रुपये. अर्ज करण्याच्या दिवशी हे आकडे राष्ट्रीय पोर्टलवर आणि वीज वितरण कंपनीच्या कार्यालयात पुन्हा तपासा. अनुदानाचे नियम बदलतात.

1 किलोवॅटला छतावर साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. त्यातून महिन्याला सरासरी 120 युनिटे मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

आता खरा प्रश्न: 2 किलोवॅट की 3? महिन्याला सरासरी 250 युनिटे वापरणारे एक कुटुंब धरू. किलोवॅटमागे खर्च 60,000 रुपये धरला आहे. तुम्ही तिथे स्वतःला मिळालेला दर घाला.

2 किलोवॅट
एकूण खर्च 1,20,000
केंद्र आणि राज्याचे अनुदान 90,000
खिशातून 30,000
महिन्याला मिळणारी वीज 240 युनिटे
वर्षाची बचत 14,400
वसुली सुमारे 2 वर्षे

3 किलोवॅट
एकूण खर्च 1,80,000
केंद्र आणि राज्याचे अनुदान 1,08,000
खिशातून 72,000
महिन्याला मिळणारी वीज 360 युनिटे
कामी येणारी 250 युनिटे
वर्षाची बचत 15,000
वसुली जवळजवळ 5 वर्षे

तिसऱ्या किलोवॅटसाठी या कुटुंबाला 42,000 रुपये जास्त मोजावे लागले. त्यातून वर्षाला 600 रुपयांचीच बचत वाढली. उरलेली वीज ग्रिडला जाते आणि तिचे थोडे पैसे मिळतात, पण तो दर आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा कमी असतो. विक्रेता मोठी यंत्रणा सुचवेल, कारण त्याची विक्री मोठी होते. तुमचा निर्णय मात्र 12 महिन्यांच्या बिलावर ठरला पाहिजे. पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात एसी किंवा विजेची दुचाकी नक्की येणार असेल, तर ती युनिटे हिशोबात धरा. "कधीतरी येईल" म्हणून धरू नका.

दुसऱ्या बाजूनेही हिशोब तपासा. सवलतीमुळे तुमचा खरा दर 5 ऐवजी अडीच रुपये असेल, तर 2 किलोवॅटच्या वसुलीला 2 ऐवजी 4 वर्षांहून अधिक काळ लागेल. तरीही हा व्यवहार चांगलाच आहे, पण शेजाऱ्याची दोन वर्षांची वसुली तुमच्या बिलाला लागू पडेलच असे नाही.

आणखी चार गोष्टी खर्च करण्यापूर्वी माहीत हव्यात.

ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ते आवश्यक असते. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च वेगळा येतो.

पॅनेलवर सहसा 25 वर्षांपर्यंत कामगिरीची हमी असते, पण इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागतो. त्यासाठी महिन्याला 200 रुपये बाजूला टाकायला लागा.

अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलची पॅनेलेच चालतात. कोटेशनवर ते लिहून घ्या.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात पॅनेलवर धूळ लवकर बसते. दहा-पंधरा दिवसांनी सकाळी, पॅनेल तापण्यापूर्वी, पाणी आणि मऊ कापडाने पुसा. पॅनेलवर आंब्याची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल तर जागा बदला. थोडीशी सावलीही बरीच वीज खाते.

कारखान्याच्या क्वार्टरात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचे छत त्यांचे नसते. त्यांनी भाग 2 आणि 3 मधली कामे करावीत आणि सौरवीज स्वतःच्या घरासाठी राखून ठेवावी.

5. पैसे कुठून आणावेत?

अनुदान नंतर मिळते, खर्च आधी करावा लागतो. म्हणून "खिशातून 30,000" या आकड्याने फसू नका. सुरुवातीला पूर्ण 1,20,000 रुपयांची सोय लागते.

क्रम असा ठेवा. घरात किमान तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम बचत खात्यात किंवा ठेवीत हवी. तिला हात लावू नका. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा औषधपाण्यासाठी ठेवलेली मुदत ठेवही मोडू नका. मुदतीपूर्वी ठेव मोडली की व्याज कमी मिळते आणि बहुतेक बँका दंडही कापतात. त्यापेक्षा ठेवीवर कर्ज मिळते का, ते शाखेत विचारा.

सूर्य घर योजनेखाली 3 किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी बँका तारण न घेता 2 लाखांपर्यंत कर्ज देतात. त्याचा दर रेपो दराशी जोडलेला असतो आणि तो वैयक्तिक कर्जाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. 10 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते.

आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने 12,000 रुपये स्वतःचे घातले आणि 1,08,000 कर्ज घेतले. दर 7 टक्के आणि मुदत 10 वर्षे धरली तर हप्ता सुमारे 1,250 रुपये येतो. वीजबिलात 1,200 रुपये वाचतात, म्हणजे हप्ता जवळजवळ बिलातूनच निघतो. 90,000 रुपयांचे अनुदान आले की ते पूर्ण कर्जखात्यात भरा. मग साधारण 18,000 रुपये उरतात. हप्ता तोच ठेवला तर ते सव्वा वर्षाच्या आसपास फिटतात.

या व्यवहारातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. अनुदान बचत खात्यात जमा होते, समोर लग्न किंवा गाडी असते आणि रक्कम तिकडे वळते. मग 30,000 रुपयांची यंत्रणा 10 वर्षांच्या व्याजाने महाग पडते. कर्ज घेताना शाखेत विचारा: "अनुदान थेट कर्जखात्यात जमा होईल का?" केंद्राचे आणि राज्याचे अनुदान एकाच दिवशी येईल असे धरू नका. दोन्ही येईपर्यंत हप्ता भरण्याची तयारी ठेवा.

6. कागदपत्रे आणि सावधगिरी

वीजबिलावरचे नाव पाहा. अनेक घरांत मीटर अजून वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असते आणि ते आता हयात नसतात. अशा वेळी आधी मीटरचे नाव बदलून घ्या, मगच अर्ज करा. मराठी आडनावांचे स्पेलिंग हिंदी बिलावर एक, पासबुकावर दुसरे आणि आधारवर तिसरे असते. ते एकसारखे नसेल तर अनुदान अडकू शकते. ही दुरुस्ती अर्जाच्या आधी शांतपणे होते, नंतर घाईत होत नाही.

विक्रेता निवडताना:
• राष्ट्रीय पोर्टलवर नोंद असलेलाच विक्रेता घ्या.
• किमान तीन कोटेशने घ्या. किलोवॅटमागचा दर, पॅनेल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा आणि 5 वर्षांची देखभाल हे सर्व लेखी हवे.
• पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने आणि बँकेमार्फतच द्या, रोख नको.
• नेट मीटर बसून तपासणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

"तुमचे अनुदान मंजूर झाले, लिंक उघडा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो बंद करा. अनुदान मिळण्यासाठी कुणाला ओटीपी द्यावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा आणि शाखेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणे कठीण.

7. नवे घर बांधत असाल तर

बांधताना केलेला बदल स्वस्त पडतो, नंतर केलेला महाग. आपला भाग या बाबतीत नशीबवान आहे. भिलाईच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीपासून स्लॅग सिमेंट बनते आणि वीज केंद्रांच्या राखेपासून विटा. दोन्ही जवळच मिळतात आणि दोन्हींत टाकाऊ माल कामी येतो. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेल्या रॅट ट्रॅप पद्धतीच्या बांधणीत विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवतात. त्यात साधारण 25 टक्के विटा वाचतात आणि भिंत कमी तापते. पण ती बांधण्याचा हात असलेला मिस्त्री मिळाला तरच करा.

नकाशा काढतानाच सांगा: पश्चिमेला मोठ्या खिडक्या नकोत, खिडक्यांवर रुंद छज्जा हवा, समोरासमोर खिडक्या असाव्यात, पश्चिमेला झाडासाठी जागा सोडावी. छतावर सौर तारांसाठी नळी आणि पावसाच्या पाण्याची एकच उतरती पाइप आधीच टाकून घ्या. हा सगळा खर्च गृहकर्जाच्या अंदाजपत्रकात धरा. राहायला गेल्यावर वैयक्तिक कर्ज काढून तेच काम केले तर व्याज बरेच जास्त लागते.

पाण्याचा हिशोबही लिहून पाहा. 1,000 चौरस फुटांच्या छतावर 1,000 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 93,000 लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 74,000 लिटर उरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्या, नंतरचे गिट्टी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून शोषखड्ड्यात सोडा. खड्डा सेप्टिक टँकपासून दूर हवा आणि न गाळलेले पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये. बोअर एकदा आटला की नवा खोदण्याचा खर्च शोषखड्ड्याच्या कितीतरी पट येतो.

लक्षात ठेवा
• आधी वापर कमी करा, मग वीज बनवा. पंखे बदलून महिन्याला 40 युनिटे वाचली तर सौर यंत्रणाही लहान लागेल.
• किलोवॅट 12 महिन्यांच्या बिलावरून ठरवा.
• अनुदान हे कर्ज फेडण्यासाठीचे पैसे आहेत.
• अडीअडचणीची शिल्लक मोडून कोणतीही यंत्रणा घेऊ नका.
• वाचलेले पैसे आवर्ती ठेवीत गेले तरच ती बचत.

घरी करून पाहा
1. मागच्या 12 बिलांवरून तुमचा खरा दर काढा.
2. घरात सर्वांत जास्त तास चालणाऱ्या तीन वस्तू लिहा. प्रत्येकीचे वॅट आणि तास गुणून महिन्याची युनिटे काढा.
3. तुमच्या सरासरी वापराला 120 ने भागा. आलेले उत्तर म्हणजे तुम्हाला लागणारे किलोवॅट. ते पूर्णांकात नसेल तर खालचा आणि वरचा, दोन्ही पर्याय भाग 4 प्रमाणे मांडा आणि वसुलीची वर्षे काढा.
4. वीजबिल, पासबुक आणि आधार यांवरची नावे शेजारी ठेवून अक्षर अक्षर तपासा.

हा कागद घेऊन शाखेत या. दर, मुदत आणि हप्ता आपण तुमच्याच आकड्यांवर मांडून पाहू. हिशोब जमला तर अर्ज भरू. नाही जमला तर यंदा फक्त चुना आणि एक पंखा. तोही चांगला निर्णय आहे.